मूठभर काळी लोकर

समोर एक मूठ लोकर ठेवा. विणकामाच्या दुकानात रंगीत गुंड्यांत मिळते ती नको. तिच्यातली बहुतेक ॲक्रिलिक असते, म्हणजे मूळची खनिज तेलातून आलेली. शंका असेल तर दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून काडी लावून पाहा. ॲक्रिलिक वितळतं आणि निवल्यावर त्याची टणक गोळी होते. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ती आपली आपण विझते आणि राख बोटांत चुरडली जाते. आपल्याला हवी आहे ती ही, मेंढीच्या अंगावरून उतरलेली. माणदेश, सांगली, सोलापूर, नगर या कोरड्या पट्ट्यातल्या दख्खनी मेंढीची मिळाली तर उत्तमच, कारण पुढे जे बोलायचं आहे ते तिच्याच लोकरीबद्दल.

हाताशी नसेल तर अडत नाही. माळ्यावर घडी करून ठेवलेली जुनी घोंगडी काढा आणि तिच्या दशीतला एक धागा उलगडा. तेवढंही पुरे.

आता लगेच काही करू नका. नुसतं पाहा. पहिल्या नजरेला ती काळी दिसते. उजेडाकडे धरली की टोकांकडचा भाग तांबूस, करडा दिसायला लागतो. तो उन्हानं विटलेला भाग. मुळाकडचा, कातडीजवळ राहिलेला भाग अजून काळाभोर आहे. म्हणजे एकाच केसावर आधीचे महिने आणि नंतरचे महिने वेगळे वाचता येतात. मध्येमध्ये पांढरे केस सापडतील. कुसळं सापडतील, गोखरूचा काटा, वाळलेल्या गवताची काडी, बारीक माती. कातरणीआधी मेंढरं ओढ्यात किंवा नदीत धुऊन काढतात, तरी रान पुरतं जात नाही. ही कुसळं एकेक करून वेचा. हे काम कंटाळवाणं आहे, ते टाळण्याची युक्ती मला माहीत नाही, आणि असली तरी सांगितली नसती.

वेचता वेचता एक हिशेब मनात ठेवा. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात आणि एका कातरणीला तिच्याकडून पाव ते अर्धा किलो लोकर निघते. ऑस्ट्रेलियातली मेरिनो वर्षाला चार-पाच किलो देते. मेरिनोचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा असतो. आपल्या मेंढीचा त्याच्या दुप्पट, कधी त्याहून जाड, आणि एका पुंजक्यातले दोन केस सारखे निघतील याची खात्री नाही. तंतू 30 मायक्रॉनच्या पलीकडे गेला की त्याचं टोक कातडीवर टेकल्यावर वाकत नाही, टोचतं. घोंगडी टोचते ती एवढ्यासाठी. तिच्यात खोट काही नाही. ज्या मेंढीला माळरानावरचं ऊन, बाभळीचे काटे आणि पावसाळी वारा एकाच कातडीवर सोसायचा आहे, तिला मऊ लोकर परवडणारी नव्हती. कोकराची पहिली लोकर मात्र मऊ असते आणि रंगानं सगळ्यांत काळी. तिला जावळ म्हणतात, आणि जावळाची घोंगडी आजही मानानं आणि दामानं वरची.

आता एकच केस निवडा. लांबसा बघून घ्या. मुळाकडचं टोक डाव्या चिमटीत धरा आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी त्यावरून शेंड्याकडे न्या. मग उलट, शेंड्याकडून मुळाकडे. सावकाश. पुन्हा एकदा. डोळे मिटले तर फरक लवकर कळतो: एका दिशेला बोट सरळ जातं, दुसऱ्या दिशेला किंचित अडतं. केसावर खवले आहेत, सगळ्यांची तोंडं शेंड्याकडे. मेंढीच्या अंगावर पडलेली माती याच खवल्यांमुळे हळूहळू बाहेर ढकलली जाते. आणि गरम पाण्यात लोकर चोळली की हेच खवले एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. लोकर आटते, तिची जाड पट्टी होते. स्वेटर धुताना ज्यांच्या हातून तो लहान मुलाच्या मापाचा झाला आहे त्यांना हे निराळं सांगायला नको. त्याच गुणावर घोंगडी मात्र जगते. वापरता वापरता, भिजता वाळता तिची वीण दाटते. मेंढपाळ डोक्यावर खोळ करून भर पावसात उभा राहतो तेव्हा पाणी लगेच आत शिरत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती वाफ शोषताना थोडी ऊबही सोडते. दमट थंडीत घोंगडी जी ऊब देते तिच्यात हा वाटा आहे. घोंगडीवर झोपल्यानं पाठदुखीपासून रक्तदाबापर्यंत सगळं बरं होतं, अशी जी जाहिरात हल्ली चालते तिच्यावर माझा विश्वास नाही. घोंगडीला त्या खोट्या बढाईची गरजही नाही.

पुंजका मोकळा करायला घ्या. पिंजाऱ्याची कमान घरी नसते, बोटं असतात. दोन्ही हातांच्या चिमटीत पुंजका धरून हलकेच बाजूंना ओढायचा, तुटेपर्यंत नाही, केस एकमेकांपासून सुटेपर्यंत. गाठ लागली तर ओढू नका, उलगडा. मूठभर लोकर पिंजून झाली की ओंजळीत मावेनाशी होते. आत हवा शिरलेली असते. ऊब म्हणतो ती बरीचशी ही अडकलेली हवाच.

अशा वेळी श्वासाकडे लक्ष द्या, असं सांगण्याची पद्धत आहे. मी तसं सांगणार नाही. श्वास चालू आहे, तो चालूच राहील. लक्ष बोटांच्या टोकांवर असू द्या. तिथे काम आहे, आणि ज्या लक्षाला काम दिलेलं असतं ते फारसं भटकत नाही. भटकलंच तर आरडाओरडा न करता लोकर सांगते. पुंजक्यात एखादी गाठ तशीच राहून जाते आणि पुढे सूत निघताना नेमकी तिथे अडते.

टकळी अजून घेऊ नका. पिंजलेल्या लोकरीतून थोडे केस बोटांनी ओढून बाहेर काढा, वीतभर लांब, आगपेटीच्या काडीइतके जाड. आता दोन्ही टोकं धरून ओढा. काहीच जोर लागला नाही. केस एकमेकांवरून घसरले आणि दोन तुकडे झाले. एकही केस तुटलेला नाही, हे पाहा. पुन्हा तेवढेच केस काढा. या वेळी एक टोक घट्ट धरून दुसरं अंगठा आणि बोटात फिरवा, एकाच दिशेनं, दहा-पंधरा वेळा. आता ओढा.

घसरत नाही. लोकर तीच, केस तेवढेच, मध्ये काही लावलेलं नाही. डिंक नाही, गाठ नाही. तुम्ही फक्त फिरवलं. जे केस शेजारीशेजारी सरळ पडून होते ते आता एकमेकांभोवती वळसे घेऊन आहेत, आणि सूत जितकं लांबीत ओढाल तितके ते वळसे आतल्या बाजूला आवळतात. केसावर केस दाबला जातो, घर्षण वाढतं आणि घसरायला वाव उरत नाही. जो जोर सूत तोडायला निघाला होता तोच जोर सूत आवळून धरतो. एक केस बोटभर लांबीचा. पण त्याच्या पोटात दुसरा सुरू होतो, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, आणि बोटभर केसांतून मैलभर सूत निघतं. हातमाग असो की गिरणी, जगातलं सगळं कातलेलं सूत या एका गोष्टीवर उभं आहे.

इथे थोडं थांबा. पीळ सोडून द्या. बोटातून सुटल्यावर ते सूत उलटं फिरेल, उलगडेल, आणि पुन्हा नुसते केस उरतील. पुन्हा पीळ घाला. पुन्हा सोडा. हे जितक्या वेळा करावंसं वाटेल तितक्या वेळा करा.

यात आणखी एक गोष्ट दिसते, ती शांतपणे पाहिल्याशिवाय दिसत नाही. केस ओढताना ते सगळीकडे सारखे कधीच येत नाहीत. कुठे जाड, कुठे बारीक. आता पीळ घालताना नजर जाड जागेवर नको, बारीक जागेवर ठेवा. पीळ आधी तिथे जातो. जाड भाग अजून फुगीर, सैल असतो आणि बारीक जागा मात्र घट्ट वळलेली असते. कारण सरळ आहे: बारीक भाग फिरवायला जोर फार कमी लागतो, म्हणून फिरणं आधी तिथेच साठतं. याचा फायदा कातणाऱ्याला असा की, पीळ पडल्यावर सुताचा तो तुकडा पुन्हा हलका ओढला तर बारीक जागा आवळलेली असल्यामुळे ताणत नाही. जाड, सैल जागाच लांबते आणि बारीक होते. सूत आपलं आपण सारखं होत जातं. हाताला फक्त एवढंच करायचं असतं: ओढ सोडायची नाही आणि दाबायचं नाही. नवा माणूस चिमटी आवळून धरतो, पिळाला पुढे जायला वाट ठेवत नाही, आणि मग सूत जाड-बारीक येतं म्हणून लोकरीला बोल लावतो.

या पिळावरून आयुष्याचा धडा काढायचा मोह आवरावा. कारण याच नियमाची दुसरी बाजू अशी की पीळ फाजील झाला तर सूत नेमकं त्याच बारीक जागी तटकन तुटतं. पिळाला दया नाही. त्याला वाट हवी असते आणि मर्यादा हवी असते, आणि ती मर्यादा लोकरीलोकरीला वेगळी. जाडसर दख्खनी लोकरीला थोडा पीळ पुरतो. बारीक तंतूला जास्त लागतो. कापसाला, त्याचा तंतू आखूड म्हणून, त्याहूनही जास्त.

आता टकळी. पितळी चकती आणि लोखंडी काडीची जुनी शाळेतली टकळी घरी सापडली तर तीही चालते, पण ती कापसाच्या बारीक सुतासाठी केलेली, हलकी. लोकरीला जरा वजनदार हवी. ती नसेल तर बांबूची वीतदीड वीत काडी घ्या, वरच्या टोकाशी खाच करा आणि खालच्या बाजूला एक लहान बटाटा खुपसा. हसू नका, उत्तम फिरते. काडी फिरायला वजन हवं आणि ते वजन मधोमध हवं, एवढीच अट आहे. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत हेच काम भाजक्या मातीच्या भोक पाडलेल्या चकत्या करत. नेवाशाच्या उत्खननात त्या काळातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत सुताचा अंश शिल्लक होता. तांब्याच्या क्षारांनी तो तीन हजारांहून अधिक वर्षं राखला. तपासात त्यात रेशीम आणि कापूस निघाला. कुणीतरी ते सूत हातानं वळलं होतं, त्या मुलासाठी किंवा कुणासाठीही. या ओळीनंतर घाईनं पुढे जाऊ नका.

सुताचा आधी वळलेला तुकडा काडीला बांधा, खाचेतून वर घ्या, त्याच्या शेंड्यावर पिंजलेल्या लोकरीचे केस टेकवा. काडी मांडीवर घासून एकदा फिरवा आणि लोंबू द्या. वर डावा हात लोकर धरून, मध्ये उजव्या हाताची चिमटी, खाली फिरणारी टकळी. चिमटी बंद असते तेव्हा पीळ तिच्याखाली साठतो. वर थोडे केस ओढा, चिमटी ढिली करून वर सरकवा, पीळ तिच्यामागे चढतो आणि केसांचं सूत होतं. पुन्हा ओढा. टकळीचा वेग मंदावला की ती उलटी फिरायला लागण्याआधी पुन्हा फिरवा. सुरुवातीला हात आणि नजर दोन्हीकडे पुरत नाहीत. टकळी खाली पडेल. पडू द्या, किंवा वाटीत टेकवून फिरवा, म्हणजे तिचं वजन सुतावर येणार नाही. सूत जमिनीपर्यंत पोचलं की काडीवर गुंडाळा आणि पुन्हा सुरू करा. ओढणं, सरकणं, फिरवणं, गुंडाळणं. थोड्या वेळानं यातला कुठला भाग आपण करतो आहोत आणि कुठला आपोआप होतो आहे, हे सांगता येईनासं होईल. तिथपर्यंत आलात की बोलणं बंद करून कातत राहा. हा मजकूर कुठे पळून जात नाही.

पुरेसं सूत झालं की त्याचा एक टोकाकडचा भाग सैल सोडा. ते लगेच स्वतःभोवती वळून वेटोळी करतं. त्याच्यात पीळ शिल्लक आहे आणि तो सुटायला बघतो आहे. यावर जुना उपाय म्हणजे दोन सुतं शेजारी धरून उलट दिशेनं एकत्र वळायची. एकाचा सुटू पाहणारा पीळ दुसऱ्याच्या पिळाशी गुंततो आणि दुपदरी सूत शांत लोंबतं. विणायच्या सुयांसाठी हेच चांगलं. मग ते कोमट पाण्यात, न चोळता, बुडवून ठेवायचं आणि सावलीत टांगून वाळवायचं.

एवढं झाल्यावर एक अस्वस्थ करणारी गोष्ट मनात येऊ द्यावी. आपण सुटीच्या दिवशी टकळी घेऊन बसतो आणि मन निवतं. पण कातणं हे शेकडो वर्षं कुणाचं तरी पोट होतं. मेंढरामागचा संसार, त्यात लोकर पिंजणं आणि कातणं धनगर बायकांच्या वाट्याला. विणणं सनगरांचं किंवा खुटेकर धनगरांचं. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ लावायची, ती चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून करायची. या सगळ्या साखळीत सर्वांत जास्त तास कातणारीचे आणि सर्वांत कमी पैसे तिचे. खादीतही तेच होतं. 1935 साली गांधींनी चरखा संघाला कातणाऱ्यांची मजुरी वाढवायला लावली ती खादी महाग होईल हे ठाऊक असूनच. त्याच दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी दिवसाचे तासन् तास कातून त्याच्या मजुरीवर जगून पाहिलं. सूत हे त्यांच्या लेखी ध्यानही होतं, पण भाकरीचा हिशेब सोडून नव्हे. 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर टकळी शाळांत शिरली. तिथे बऱ्याच मुलांनी ती हातापेक्षा कपाळाला जास्त लावली, हे त्या पिढीतलं कुणीही सांगेल. पण शाळेतून ती गेली आणि त्याबरोबर सूत कसं होतं याची ओळखही गेली. आज इंजिनिअर झालेल्या माणसालाही लोकरीचा पुंजका आणि स्वेटर यांच्यामध्ये काय घडतं ते सांगता येत नाही.

आणि लोकर? तिला गिऱ्हाईक उरलेलं नाही. जाड, काळी, रंग न घेणारी लोकर गिरणीला नको. कातरणावळ लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून मेंढपाळ पदरचे पैसे घालून कातरतात आणि लोकर बांधावर टाकून देतात. मेंढीचा हिशेब आता मटणाचा आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीला, जिच्या अंगावर लोकर नावालाच असते, भाव आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनीतून तयार केलेली नारी सुवर्णा जुळी कोकरं देते, आणि मेंढपाळाच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लोकरीपायी त्यानं दर वर्षी तोटा का सोसावा? पण कळपात लोकर नसलेल्या मेंढ्या वाढत गेल्या, तर तुमच्या समोरची ही मूठ काही वर्षांनी मागूनही मिळणार नाही.

म्हणून आता टकळी खाली ठेवा आणि एक साधं काम करा. दसरा-दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे तुमच्या भागातून जातात, शेतात बसतात. त्यांच्यापाशी जा आणि पुढची कातरणी केव्हा, ते विचारा. किलोभर लोकर मागा, जमल्यास जावळाची. घरी आणून साबणाच्या कोमट पाण्यात, न घुसळता, बुडवून धुवा. मेंढपाळ बहुधा म्हणेल, न्या की तशीच, आम्ही टाकूनच देतो. तरी तिचे पैसे मोजून द्या, आणि कातरणावळ किती पडते ते विचारून त्याहून कमी देऊ नका.